डायर या शब्दाची चौकशी

चौसाळ्याच्या बाजारात, हॉटेलात, भज्यांची प्लेट नुकतीच समोर आली होती. मी मिरची उचलणार एवढ्यात माझ्यावर इंग्रजीतून आरोप झाला.

आरोप करणारा माझ्या बांधशेजाऱ्याचा जावई. पुण्याला वकिली करतो. पायात पांढरे बूट, आमच्या मातीत ते तसेच पांढरे कसे राहतात हा एक वेगळाच प्रश्न. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "यू हॅव थ्रेटन्ड माय फादर-इन-लॉ विथ डायर कॉन्सिक्वेन्सेस."

हॉटेलातला झारासुद्धा थांबला.

मी म्हणालो, "जावईबापू, बसा. च्या घ्या. आणि काय म्हणालात ते मराठीत म्हणा."

"धमकी दिलीत तुम्ही. माझ्या सासऱ्यांना. नुसती नाही, डायर. शब्द लक्षात ठेवा. रविवारी तंटामुक्तीची बैठक आहे. धमकी दिली आणि पुन्हा देणार नाही, असं तिथं लिहून द्या. विषय संपला. नाहीतर सोमवारी मी ठाण्यात जाणार."

आणि गेला. चहा घेतला नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण कागद मी वाचतो, आणि सावकाश वाचतो. सावकाश वाचणाऱ्याला एक गोष्ट कळते. कागदात एखादा शब्द गरजेपेक्षा जास्त असला की तो उगीच नसतो. त्याच्या पोटात काहीतरी असतं. धमकी म्हणजे काय ते मला कळलं. परिणाम होतील म्हणजे काय तेही कळलं. पण परिणामाच्या पुढं हा जो डायर लावला, तो कावून लावला? नुसत्या परिणामावर भागत नव्हतं का? मला वाटलं, डाव त्या शब्दातच आहे. तो काय आहे हे कळल्याशिवाय सही करायची नाही, असं मी तिथंच ठरवलं. भजी गार झाली ती तशीच खाल्ली. ती मी पैसे देऊन घेतली होती.

आता मी काय बोललो होतो ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

तो शेजारी आणि मी, आमची शेतं एका बांधाला लागून. तरुणपणी त्याच्याकडं एक बैल होता, माझ्याकडं एक. दोघांचं मिळून एक औत चालायचं. आमच्याकडं त्याला वारंगुळा म्हणतात. एक दिवस त्याचं रान, एक दिवस माझं. ज्याच्याशी वारंगुळा केला त्याच्याशी माणूस खोटं बोलत नाही, कारण बैल कुणाचा थकला आणि कुणी जास्त हाणला हे दोघांनाही दिसत असतं. पुढं ट्रॅक्टर आले, बैल गेले. बोलणं राहिलं. पण या उन्हाळ्यात त्या बोलण्यातही काहीतरी बिघडलं होतं. मला ते आधीच जाणवत होतं.

सांगतो काय काय. एक तर हा जावई. पुण्याचा वकील कामधंदा सोडून सासुरवाडीत किती दिवस राहील? याची गाडी लिंबाखाली उभी ती उभीच. गाडीवर पाखरांनी नक्षी काढली तरी हलेना. दुसरं, रोज सकाळी तो बांधावरून चालायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कानाला फोन लावून, पावलं मोजल्यासारखी टाकत. तिसरं, शेजाऱ्याची बायको. ती वहिनी विहिरीवर आली की आधी माझ्या बायकोला हाक मारणार, मग घागर ठेवणार. ती यायचीच बंद झाली. सालगडी पाणी न्यायला लागला. घराच्या दाराला पडदा लागला. आमच्या गावात दाराला पडदा कोण लावतं?

मी आपला हिशोब जुळवला. वकील आलाय, बांध मोजतोय, बायकांना तोंड दाखवायला लाज वाटतीय. म्हणजे मोजणी आणायची, बांध सरकवायचा, आणि तोवर आपल्याला काही कळू द्यायचं नाही.

अशात एका सकाळी त्याच्या रानात ट्रॅक्टर आला. मागं रोटाव्हेटर. चालवणारा नांदूरघाटचा पोरगा. ट्रॅक्टर बांधाकडं वळला तशी टिटवी ओरडायला लागली. मला जागा माहीत होती. त्याच्याच हद्दीत, पण बांधाच्या अगदी कडेला, खड्यांमध्ये तिनं अंडी घातली होती. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची अंडी ठेवते, आणि माणूस जवळ आला की डोक्यावरून झेपा घेते. आमच्या भागात जुना माणूस ती अंडी दिसली की औत वळवून घेतो. तेवढा तुकडा पडीक सोडतो, पिल्लं चालायला लागली की मग नांगरतो.

मी ओरडलो, "थांबव बे! अंडी हायती तिथं!"

शेजारी ट्रॅक्टरच्या पुढं आला. "कशाची अंडी?"

"टिटवीची. दिसंना का तुला? तेवढा तुकडा सोड."

"बांधालगतचाच तुकडा सोडू?" त्यानं डोळे बारीक केले. "लई शहाणा हायस. आज टिटवीसाठी सोड, उद्या म्हणशील सोडलाच हाय तर माझाच हाय."

"बांधाचं कोण बोललं? तुझ्या डोक्यात बांध हाय म्हणून तुला बांधच ऐकू येतंय."

"माझ्या डोक्यात? तू रोज सकाळी माझ्या जावयाकडं टक लावून बघतोस ते कावून?"

"तो कावून पावलं मोजतोय?"

झालं. दोघांचंही तापलं. ट्रॅक्टरवाला पोरगा मान खाली घालून बसला होता. शेवटी मी बोललो ते असं. "मोड मग. खुशाल मोड. पण आमची माय सांगायची, टिटवीची अंडी मोडणाऱ्याच्या घरात पाळणा हालत न्हाई. नंतर माझ्याकडं रडत येऊ नको."

एवढंच. त्यात एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही.

त्याचा चेहरा पडला. तो गुमान घराकडं चालायला लागला. मी मनात म्हणालो, बघ, चोरी पकडली तर तोंड कसं उतरलं. ट्रॅक्टरवाल्यानं मात्र अंड्यांना वळसा घातला. म्हणाला, "मला न्हाई बाबा, माझ्या घरी लहान लेकरू हाय."

ही ती धमकी.

हॉटेलातून उठायच्या आधीच मी चौकशीला सुरुवात केली. हॉटेलवाल्याला विचारलं, डायर म्हणजे काय रे. तो म्हणाला, "डायरेक असंल. म्हंजी मधी कुणी न्हाई, डायरेक तुमालाच आत टाकणार." सगळे हसले. त्यांच्या हसण्यावरून कळलं की कुणालाच ठाऊक नाही.

गावात आल्यावर सरपंचाच्या माणसाला गाठलं. हा माणूस तालुक्याला जातो, साहेबांच्या खोलीत बसतो, त्याला माहीत असायला पाहिजे. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मामा, हा शब्द साधा न्हाई. पोलिसांच्या कागदात हाच असतोय. बातमीतबी असतोय. हा आला की समजायचं कलम वाढलं."

"पण म्हंजी काय?"

"म्हंजी... लई."

"लई काय?"

"लईच." असं म्हणून तो उठला. मला वाटलं, याला माहीत आहे, पण त्यानं जावयाचा चहा घेतलाय.

पोराला फोन लावला. तो चाकणला कंपनीत आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो, "आबा, करून टाका ना सही. आपलं काय जातंय?"

आपलं काय जातंय! मी फोन ठेवला. धमकी दिली असं मी लिहून दिलं तर उद्या बांधावर काहीही झालं, खुंटी हालली, मोटार जळाली, कुणाची गंजी पेटली, तर बोट माझ्याकडंच येणार. हा बघा, यानं आधीपण दिली होती, लिहून दिलंय. आणि वारंगुळ्यातल्या माणसाला धमकी देणारा म्हणून मी गावात जगायचं. पोराला हे कळत नाही. का कळतं, आणि तो सुद्धा...? नाही. तेवढा संशय मी पोरावर घेतला नाही. अर्धाच घेतला.

शनिवारी पुन्हा चौसाळ्याला गेलतो. तिथं एका भाईचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीतली मोटार जळाली की तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देतो. माझ्या कितीतरी मोटारी त्याच्या हातून गेल्या. त्याच्यावर माझा विश्वास आहे. तो मोटार उघडतो ती माझ्यासमोर, पाठ फिरवून उघडत नाही. त्याची मुलगी बीडला इंग्रजी शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आलेली असते हे मला माहीत होतं.

भाई म्हणाला, "बैठो. काय जळालं?"

"काही न्हाई जळालं. तुमच्या मुलीशी काम हाय. एका शब्दाची चौकशी करायचीय."

दुकानाच्या मागंच घर. ती बाहेर आली, ओढणी सावरून समोर बसली. मी शब्द सांगितला. तो मी बरोबर पाठ केला होता, वाटेभर घोकत आलतो. तिनं आतून जाडजूड डिक्शनरी आणली. पानं उलटली, बोट ठेवलं.

"चाचा, डायर म्हणजे भयंकर. भीषण. फार गंभीर."

"तीन झाले. त्यातला कुठला?"

"तिन्ही. परिणामांना हा शब्द जास्त लावतात. भीषण परिणाम. कुणाची फार वाईट अडचण असली तरी लावतात, निकडीच्या गरजेलाही लावतात."

"गरजेला? म्हंजी हा शब्द गरीबालाबी लागतो आन् धमकीलाबी?"

"हो."

मला ते खटकलं. एकच शब्द दोन घरी जेवतो म्हणजे काय? मी विचारलं, "ह्याचं मूळ कुठलं? कुणाचा हाय हा? इंग्रजांचा का?"

ती हसली. भाई आतून तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "ले, आता शब्दाचा सातबारा काढ."

तिनं फोन काढला. बराच वेळ वाचत होती. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो, काही गाळते का म्हणून.

"इंग्रजांचा नाही चाचा. त्यांनी लॅटिनमधून घेतला. लॅटिन म्हणजे जुन्या रोमच्या लोकांची भाषा. आणि रोमवाल्यांनीसुद्धा तो शेजारच्या डोंगराळ मुलखातल्या लोकांकडून उचलला असावा, असं म्हणतात. पक्कं कुणाला माहीत नाही."

"पक्कं म्हाईत न्हाई तर लिहिलं कावून?"

"लिहिलंय ना तसंच, की पक्कं नाही म्हणून."

"ज्यानी लिहिलं त्यांनी विचारलं कुणाला?"

"ती माणसं मरून हजारो वर्षं झाली, चाचा."

"मग तर काहीबी लिहिता येतंय."

ती पुन्हा हसली, पण पुढं वाचलं. "रोममध्ये पक्षी बघणारे लोक होते. सरकारी."

"सरकारी?"

"हां, सरकारनं नेमलेले. लढाईला निघायचं, सभा भरवायची, तर त्याआधी ते आभाळात बघायचे. पक्षी कुठल्या बाजूनं उडाला, ओरडला कसा. आणि जी खूण फार वाईट, जी बघून काम थांबवायचं, तिला हा शब्द होता. म्हणजे भीषण हा अर्थ आहेच, पण त्यात अपशकुन आहे. पुढं वाईट होणार असं सांगणारी खूण. आता तो अर्थ मागं पडला, नुसतं भयंकर एवढंच राहिलं."

मला ते इतकं पटलं की लगेच संशय आला. पक्षी? ओरडला कसा? कुणी हिला आधीच सांगून ठेवलंय का, की हा म्हातारा येईल, त्याला असं असं सांग? पण मी इथं येणार हे मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

म्हणजे वकिलाला ठाऊक नसताना त्यानं बरोबर शब्द माझ्या अंगावर टाकला होता. मी धमकी दिलीच नव्हती. मी खूण सांगितली होती. पक्षी बघून काम थांबव म्हणालो होतो. रोमला असतो तर मला पगार मिळाला असता. मला हुरूप आला. मी म्हणालो, "बेटा, हे मला कागदावर लिहून दे. उद्या बैठकीत दाखवतो त्या पांढऱ्या बुटाला."

"देते की. पण तुमी नेमकं बोलले काय?"

मी सांगितलं. ट्रॅक्टर, अंडी, बांध. आणि मायचं ते वाक्य.

तिचा पेन थांबला. ती भाईकडं बघायला लागली. भाईनं मान खाली घातली, तार गुंडाळत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही न्हाई कसं? तुमी दोघं एकमेकाकडं बघितलं. मी काय आंधळा हाय?"

भाई म्हणाला, "बता दे. त्यांना कळायला पाहिजे."

ती हळू बोलली. "चाचा, तुमच्या त्या शेजाऱ्यांची मुलगी माझ्या वर्गात होती कॉलेजला. ती माहेरी आलीय ना, बाळंतपणासाठी. मागच्या वेळेस गेलं तिचं. त्याच्या आधीही एकदा गेलं. डॉक्टरनी यावेळी पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलंय. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही गावात. नजर लागते, बोलणं होतं... मी मागच्या आठवड्यात भेटून आले. ती म्हणाली, एका माणसानं असं असं म्हटलंय, माझ्या बाळाला. मला वाटलं, कोण असा खराब माणूस असेल."

मी तिथनं उठलो. भाई म्हणाला चहा घ्या. नको म्हणालो. ती लिहून देणार होती तो कागद मी मागितला नाही, तिनं दिलाही नाही.

बसमध्ये खिडकीला बसलो. एकेक गोष्ट परत डोळ्यापुढं आली. गाडी हलत नव्हती ती केव्हाही दवाखान्यात न्यावं लागेल म्हणून. बांधावर फोनला रेंज येते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फोन कानाला लावून माणूस पावलं मोजत नसतो, डॉक्टरशी बोलत असतो. वहिनी विहिरीवर येत नव्हती ती पोरीला सोडून हलता येत नव्हतं म्हणून. पडदा तेवढ्यासाठीच.

आणि तरीही मला राग आला. खोटं कशाला लिहू? लई राग आला. ज्याच्याशी वारंगुळा केला त्यानं मला सांगू नये? गावापासून लपव. सरपंचापासून लपव. माझ्यापासून लपवायचं काय कारण? म्हणजे माझी नजर लागेल असं त्याला वाटलं. त्या पोरीचं बारसं झालं तेव्हा मी पाळण्याची दोरी बांधली होती. तोच हात आता वाईट झाला काय? आणि मग मनात आलं, की तो लपवत होता ती भीती मीच ट्रॅक्टरपुढं उभं राहून खरी करून दिली. त्याला वाटलं असणार, याला कळलं, आणि कळूनच बोलला. तो माझ्यावर संशय घेतो आणि मी त्याच्यावर. वकिलानं बिचाऱ्यानं दोघांचं ऐकून फक्त इंग्रजी लावलं.

रविवारची वाट बघितली नाही. घरी गेलो नाही. फाट्यावर उतरलो तो थेट त्याच्या दारात.

ऊन उतरलं होतं. जावई अंगणात खुर्चीवर. मला बघून उभा राहिला, दाराच्या आणि माझ्या मधे.

"बैठक उद्या आहे, आजोबा."

"बैठकीत मी येत न्हाई. तुमच्या सासऱ्याला बोलवा."

"जे बोलायचं ते माझ्याशी बोला."

"जावईबापू, तुमचा आन् माझा बैल कधी एका जुवाखाली नव्हता. व्हा बाजूला."

शेजारी बाहेर आला. उघडाच, खांद्यावर टॉवेल. आम्ही इतक्या दिवसांनी जवळून एकमेकाकडं बघितलं. तो खंगला होता.

"काय बे," तो म्हणाला. "अजून काय राहिलं बोलायचं?"

"तू मला सांगितलं कावून न्हाई?"

"काय?"

"पोरीचं."

त्यानं जावयाकडं बघितलं, जावयानं त्याच्याकडं. मग हळू आवाजात म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"आज. आत्ता. दुपारी."

"खोटं."

"खोटं तर खोटं. मला म्हाईत असतं तर मी ते बोललो असतो का? मी बांधापायी बोललो. तू बांध चोरतोस असं मला वाटत होतं."

"मी? बांध?" तो हसल्यासारखा झाला, पण हसू अर्ध्यात गेलं. "माझ्या घरात काय चाललंय, आन् तू बांध बघतोस."

"तू सांगितलं न्हाईस तर मी काय बघू?"

जावयानं खिशातनं घडी केलेला कागद काढला. "मग हरकत काय आहे? दोन ओळी आहेत. सही करा, आम्ही विसरून जातो."

"धमकी म्हणून सही करणार न्हाई. मेलो तरी न्हाई. मी धमकी दिली न्हाई."

"मग माफी मागा."

"कशाची? अंडी मोडू नको म्हणालो त्याची?"

"बघितलंत बाबा?" जावई सासऱ्याला म्हणाला. "हा माणूस असाच आहे."

असाच आहे. आजही आहे. पण मी तिथं भांडायला गेलो नव्हतो. मी पडद्याकडं बघून मोठ्यानं बोललो, आतल्या माणसाला ऐकू जाईल असं. "वहिनी, मला पाणी द्या."



जावयाला कळलं नाही. त्याला वाटलं म्हाताऱ्याला तहान लागली. शेजाऱ्याला मात्र कळलं. आमच्यात असं आहे. ज्यानं एखाद्या घराचं वाईट मागितलं, त्यानं त्या घरचं पाणी प्यायचं नसतं. प्यालं तर मागितलेलं वाईट त्याच्याच घरात शिरतं. माझ्या घरात सून आहे, चाकणला, तिलाही दिवस जाऊन थोडेच महिने झालेत. ते शेजाऱ्याला माहीत होतं. मी त्याला सांगितलं होतं, पेढे दिले होते.

"नको करू," तो हळूच म्हणाला. "तुझ्याबी घरात..."

"म्हणून तर."

पडदा हालला. वहिनी असेल असं वाटलं. पण पोरगीच आली. भिंतीला धरून, एका हातात तांब्या. जावई धावला, "तुला उठायचं नाही!" तिनं त्याला हातानं अडवलं. चेहरा पिवळा पडलेला. डोळ्यात माझ्याबद्दल काही चांगलं नव्हतं. ते मी स्पष्ट बघितलं आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. तिच्या जागी मी असतो तर तांब्या फेकून मारला असता.

"आबा," ती म्हणाली, "मनात काही ठेवून पिऊ नका."

"मनात काही न्हाई, बाई. तुझं लेकरू खेळंल. पाळणा हालंल. ते बोलणं माझ्या मायचं होतं, तुझ्यासाठी न्हवतं."

मी तांब्या घेतला. वरून ओतून प्यायचा आमचा रिवाज. मी तसा प्यालो नाही, तोंड लावून प्यालो. घोट घशाखाली गेला तेव्हा मला सुनेचा चेहरा दिसला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोरगा तिकडून सही करा म्हणतो, आणि त्याचा आबा इथं काय करून बसला, असंही मनात आलं. तरी थांबलो नाही.

तांब्या खाली केला. तिला दिला. जावयानं तो कागद पुन्हा खिशात ठेवला. फाडला नाही, हे मी बघितलं.

पोरगी तिथंच उभी. तिनं तांब्यात डोकावलं. तळाला थोडं राहिलं होतं, बोटभर असेल. तिनं तांब्या परत माझ्यासमोर धरला.

"हे पण," ती म्हणाली.

"अगं, झालं की," शेजारी म्हणाला.

"नाही. हे पण."

मी प्यालो. तिनं तांब्या उलटा केला, जमिनीकडं बघितलं. एक थेंब पडला, मातीत गेला. मग दुसरा पडतो का ते बघत ती बराच वेळ तशीच उभी राहिली, आणि आम्ही तिघं पुरुष तिच्या हाताकडं बघत राहिलो.